रोबोटच पाहिजे

मैना पाण्याची बाटली घेऊन परत आली तेव्हा डॉक्टरांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

जाताना ते उघडं होतं. अनिलनेच तिला पाठवलं होतं, घसा सुकलाय म्हणून. पिशवीत अर्धी बाटली पाणी होतं. तरी "थंड आण" म्हणाला.

ती दाराशी थांबली. आत अनिल हळू आवाजात काहीतरी विचारत होता. चार महिन्यांत त्याने डॉक्टरांना एकही प्रश्न केला नव्हता. संडासाच्या जागेला गाठ आहे, कॅन्सरची आहे, हे कळलं तेव्हाही तो नुसती मान हलवत बसला. विचारायचं ते सगळं मैनाने विचारलं. पाच आठवडे रेडिएशनचा शेक चालला तेव्हा दोघं देवरूखच्या वरच्या अंगाला असलेलं घर सोडून दवाखान्याजवळ मांडवीला तिच्या मावसबहिणीकडे राहिली होती. त्याच्या जेवणात तिखट किती घालायचं, तेसुद्धा तिने विचारून घेतलं होतं. आता गाठ आकसली होती. ऑपरेशन तेवढं राहिलं होतं. आणि आज याला प्रश्न पडले होते.

"बसा काकी, पाच मिनिटं," बाहेरची सिस्टर म्हणाली.

"मी पेशंटबरोबर हाय."

"पेशंटनेच सांगितलंय, कोणाला आत सोडू नका म्हणून."

मैनाने दार ढकललं.

डॉक्टर शेट्ये कागदावर पेनाने काहीतरी काढून दाखवत होते, त्यांनी तो कागद फाइलीखाली सारला.

"काय लपवताय?"

"काय नाय गो," अनिल म्हणाला. "ऑपरेशनचा बोलत होतो. मी मुंबईला जाईन म्हणतो. रोबोटचा करून घेईन."

"इथं डॉक्टर करतात ना? दुर्बिणीनं?"

"करतात. पण रोबोटच पायजे."

ती डॉक्टरांकडे वळली. "मागच्या खेपेला तुमीच म्हणालात, दोन्ही सारखीच."

"गाठ काढण्यापुरती जवळजवळ सारखीच, वहिनी. दोन्हीत पोटावर बारीक भोकंच पाडतात. दुर्बिणीत हत्यार डॉक्टरच्या हातात असतं. रोबोटमध्ये ते मशीनच्या हातात, आणि डॉक्टर बाजूला बसून मशीन चालवतो. ते मशीन आपल्याकडे नाही, एवढंच."

"मग ह्यांना तोच कशाला पायजे?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

"किती दिवस ऱ्हायलेत ते सांगा," मैना म्हणाली. "मी काय रडणारी नाय."

"तसं काही नाही हो. गाठ पूर्ण निघेल असंच दिसतंय."

"मग मला भायर का काढलात?"

डॉक्टरांनी अनिलकडे पाहिलं. अनिल खाली फरशीकडे बघत होता. "सांगा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तो कागद पुन्हा वर काढला. "त्या जागेच्या आजूबाजूला बारीक नसा असतात. लघवीच्या, आणि नवरा-बायकोच्या संबंधांच्या. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागू शकतो. रोबोटने त्या थोड्या जास्त वाचतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. काहींत फरक दिसला नाही. खात्री कोणीच देणार नाही. ते हेच विचारत होते. खरं तर बरेच जण लाजतात, विचारत नाहीत, आणि मग नंतर कुढत बसतात."

मैनाला एकदम हसूच फुटलं. तिने पदर तोंडाला लावला. कानापर्यंत चेहरा तापला. म्हणजे मरण नव्हतं. ती खुर्चीत बसली, बाटलीचं झाकण काढून स्वतःच दोन घोट प्यायली.

"येवढाच ना! आणि मी काय काय मनात आणलेलं. ह्या वयात ह्यांना बघा..."

बोलता बोलता ती थांबली.

अनिल मुंबईत भांडुपला एका गोदामात बावीस वर्षं होता. गणपतीत आठ दिवस यायचा, शिमग्याला चार. आला की पडवीत झोपायचा. आत उकडतं, म्हणायचा. त्यांची लेक शमिका दहावीला होती तेव्हापासून हे असंच. शमिकाची मुलगी आता बालवाडीत जात होती. दुखणं घेऊन तो डिसेंबरात गावी आला, रात्री शेकोटी करावी लागत होती, तेव्हाही त्याने अंथरूण पडवीतच टाकलं होतं.

ती हसली म्हणून अनिलला धीर आला होता. "मग जाऊ ना? मी एकटाच जाईन. तू कशाला तरास घेतेस? गोठ्यातल्या गोरवांचा कोण बघील? तिथं माणसं हायत माझी."

"कोण माणसं?"

"हायत... गोदामातली."

"दवाखान्यात बसतील ती? पोटावर संडासाची पिशवी लागली तर बदलतील?"

"बघतील काय ते."

मैनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने दाढी केली होती. चार महिन्यांत ती त्याला सांगून सांगून दमली होती, आज न सांगता केली होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मुंबईची चिठ्ठी द्या ह्यांना. रोबोटचीच."

"विचार करून सांगितलंत तरी चालेल. आठ दिवस आहेत."

"झाला इचार."

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढला, वरचा भाग भरला आणि मग पेन थांबवला. "ऑपरेशनच्या वेळी जवळचं माणूस लागतं. सही करायला, रात्री थांबायला. त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर इथे लिहा. वहिनी, तुमचंच लिहू ना?"

मैनाने फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला आणि अनिलपुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

"तिचा नाव घाला," ती म्हणाली.

"कोणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

अनिलने विचारलं नाही.