संध्याकाळपर्यंतचं पाणी

हिरोशिमाच्या स्मारकापाशी पाण्यानं भरलेल्या बाटल्यांची रांग दिसली आणि थिटेकाकांचा जीव तीळतीळ तुटला.

"काय माजलेत लोक! सीलसुद्धा तोडलेलं नाही, आणि गेले टाकून."

तीस वर्षं गावाला नळाचं पाणी सोडायची चावी काकांच्या हातात होती. रांगेत कितीही हंडे उरलेले असोत, आठ वाजले की चावी बंद. आता लेकीनं हौसेनं जपानला आणलं, तरी ती सवय काही सुटली नव्हती.

"मग उचला की एक," काकूंनी चिमटा काढला. "सकाळपासून मला बाटलीतला घोट द्यायचं तुमच्या जिवावर आलंय. म्हणे, संध्याकाळपर्यंत पुरवायचंय!"

काकांनी खरंच एक उचलली. तेवढ्यात लेक धावत आली.

"बाबा, ठेवा ती! कुणी विसरलेलं नाही. बॉम्ब पडला तेव्हा होरपळलेली माणसं पाणी पाणी करत गेली. त्यांच्यासाठी ठेवतात लोक."

काकांनी बाटली हळूच जागेवर ठेवली. मग खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःची काढली आणि तिच्या शेजारी ठेवून चालू लागले. काकू बघतच राहिल्या.

चार पावलांवर काका थबकले आणि माघारी वळले.

"झालं! आलाच परत जीव बाटलीत," काकू हसून लेकीला म्हणाल्या.

काकांनी खाली वाकून आपल्या बाटलीचं झाकण काढलं.

"भाजलेल्या हातांनी कसं उघडणार गं ते?"