शकीलाचं रीडिंग

विद्यापीठाच्या लॅबमध्ये कन्नड गावचा बद्रीनाथ आणि शहागंजची शकीला यांनी एकाच बाटलीतल्या द्रावणातून वीज वाहून नेणारी प्लास्टिकची फिल्म बनवली. शकीला नक्कल करेल या धास्तीनं बद्रीनाथनं आपली फिल्म कोरड्या काचेच्या डब्यात बंद केली. तिची टेबलावर उघडीच. तरी मीटरवर करंट तिचाच जास्त! पोटात दुखायला लागलं की बद्रीनाथ तिच्या फिल्मवर वाकायचा, लांब उसासा टाकायचा अन् काटा आणखी वर चढलेला बघायचा.

“असं लावलंस तरी काय गं हिला?” शेवटी त्यानं विचारलंच.

“काहीच नाय, बद्रीभाऊ. दमट हवा लागली की हिच्यातनं करंट जास्त जातो.”

शकीला हसली. “आता एखादा उसासा तुमच्या फिल्मवरबी टाका की!”