थोरलीच्या मीटरची घंटा

"घरात शाळा काढतेस का गं?" थोरल्या जावेनं खालून विचारलं.

"नाही ताई. तुमच्या खोल्यांवर पहारा बसवतेय," स्टुलावरून धाकटी म्हणाली आणि तिनं घंटेच्या वायरचा स्क्रू आवळला. घंटा पाळी सुटल्यावर वाजणारी, धाकटी पॅनल जोडायला जायची त्या कारखान्याच्या भंगारातली.

पहारा सोपा होता. थोरलीच्या खोल्यांच्या लाइनवर मीटर, मीटरमध्ये रिले. एक युनिट जळलं की रिलेनं दहादा टिकटिकायचं आणि दर टिकटिकीला घंटेनं एक टोला द्यायचा. वीज कोण खातं ते सगळ्या घराला ऐकू गेलं पाहिजे.

कारण धाकटीचं दुरुस्तीचं टेबल वीज खातं असं थोरलीनं भर जेवणात सांगितलं होतं, आणि सासऱ्यांनी तोंडातला घास गिळायच्या आत निकाल दिला होता : टेबल घराबाहेर. वरच्या मजल्यावरच्या त्या टेबलावर धाकटी मेलेले मिक्सर उठवून बसवायची. अख्ख्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच जागा. संध्याकाळी भंगारवाला येणार होता. टेबल दारात पाय वर करून पडलं होतं.

"होऊ दे ताईंची शोभा," असं पुटपुटत धाकटीनं स्विच वर केला.

आणि घंटा जी सुटली! टण टण टण टण. धाकटीचा नवरा अर्धी दाढी करून बाहेर धावला. "आग कुठं लागली?"

धाकटीनं मीटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. दहाच्या जागी हजार! कारखान्यात चाचणीला हजारावर ठेवतात, ते बदलायचं राहूनच गेलं होतं. पण कबूल करते कशाला?

"आग नाही हो," ती म्हणाली. "ताईंची भूक आहे."

थोरली भडकली. "थांब तू. सगळं बंद करते, मग बघू तुझं भोंगळ यंत्र!" गीझर, इस्त्री, ओव्हन, फ्रिज, पंखे, दिवे, तिनं एकेक बटण असं हाणलं की भिंत थरथरावी. तिच्या खोल्यांत अंधार झाला. घंटा थांबली.

थोरली हसायला लागणार, एवढ्यात : टण.

जरा वेळानं पुन्हा. टण.

"खोटारडं यंत्र!"

"ताई, आईशप्पथ, जोडणी बरोबर आहे." टेस्टर घेऊन ती प्लग तपासत निघाली, थोरली तिच्या मानेवर श्वास सोडत मागे.

थोरलीच्या कपाटामागे एक प्लग होता. त्यातून निघालेली काळी वायर भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती. पलीकडे सासऱ्यांची खोली.

सासरे पलंगावर पेपर वाचत बसले होते. 'माझा एक दिवा जळतो फक्त,' हे रोज जेवताना ऐकवणारे सासरे. पलंगाखाली हीटर लालबुंद तापला होता. दारात दोन्ही सुना दिसताच त्यांनी पायाच्या अंगठ्यानं हळूच बटण दाबलं.

घंटा गप्प.

"पाय गारठतात गं माझे," ते म्हणाले.

थोरली पलंगापर्यंत गेली. "बाबा, 'वरच्या मजल्यावर बघ, तिचं टेबल वीज खातंय,' हे माझ्या कानात कुणी घातलं?"

सासऱ्यांनी पेपर वर केला. पेपरामागून आवाज आला, अगदी निकाल देतानाचा. "जाऊ दे. टेबल आत घ्या. आणि ती घंटा काढून टाका."

दोघी जागच्या हलल्या नाहीत. थोरलीनं पलंगाच्या उशाकडची भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"धाकटे," ती म्हणाली, "तुझ्या घंटेची वायर इथवर पुरेल का गं?"

धाकटीनं हातानंच अंतर मोजलं.

"पुरते, ताई. तुम्ही खिळा बघा."