चोरदरवाजा

प्रूफं तपासणाऱ्या नानांचा कॉम्प्युटर फारच रखडायला लागला, म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्या बाईंना घरी बोलावलं. तासभर डोकं घातल्यावर त्या म्हणाल्या, "नाना, यात कुणीतरी चोरदरवाजा करून ठेवलाय. रोज आठला तुम्ही कामाला बसलात की कोणीतरी बाहेरून तुमचा कॅमेरा चालू करतं आणि दहा मिनिटांनी बंद करतं. चोरलेलं मात्र काहीच दिसत नाही. काढून टाकू?"

"टाका," नाना म्हणाले. घरात बघण्यासारखं उरलंच काय होतं? बायको गेली आणि त्याच महिन्यात भांडून लेकीनेही बोलणं टाकलं, त्याला चार वर्षं झाली होती. आता त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला फोन वाजला.


"बाबा, बरे आहात ना?" पलीकडून लेक विचारत होती, "आज दिसला नाहीत."