खाजाभाईंचा फ्रिज

उज्वलाने पर्समधून खोकं काढलं आणि काउंटरवर आपटलं.

"खाजाभाई, हे कसलं औषध दिलंत?"

खाजाभाई एका बाईला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होते. ते मध्येच थांबले. "काय झालं ताई?"

"आत्या आयसीयूत आहे. रोज टोचून घेत होती, तरी साखर उतरेना. आज सकाळी शेजारीण दार वाजवत राहिली, आतून उत्तरच नाही. डॉक्टर म्हणतात, या इन्सुलिनमध्ये दमच राहिलेला नसणार. कुठंतरी गरमीत पडून राहिलं असणार."

"आपल्या गोजरामावशी?"

"दुसरी कोण?"

गोळ्या घ्यायला आलेली बाई मागे सरकली. "मंग आमच्या बी गोळ्या तसल्याच का रं भाऊ?"

"ताई, जरा हळू. गिऱ्हाईक आहे."

"ऐकू दे की."

पण तिचा आवाज रडवेला झाला. राग आणायचा म्हणून ती रस्ताभर मनात वाक्यं जुळवत आली होती. तिच्या वडिलांना, अण्णांना जाऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. गावी कळवणला त्यांचं सगळं उरकून, तिथला गोतावळा सोडून ती आईला घेऊन नाशिकला परतली, तेव्हा मे संपत आला होता. घर उघडलं त्या दिवशी आत्याच शहरातल्याच अंबडहून पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली होती. दिवे लागेपर्यंत आईजवळ बसली होती. अण्णांच्या पाठची एवढी एकच बहीण. हसली की अगदी अण्णांसारखी दिसायची.

खाजाभाईंनी फळी उचलली. "आत या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये फक्त औषधं होती. आत लावलेल्या छोट्या यंत्रावर चार अंश दिसत होतं. खाली इन्व्हर्टरची बॅटरी गुरगुरत होती.

"लाइट गेली तरी हा बंद पडत नाही. यात पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाही मी. परवा माझी नाझिया आइस्क्रीम घेऊन आली, तिला पण हाकललं. म्हणाली, अब्बा, तुमचं त्या फ्रिजवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मागच्या वर्षी इन्व्हर्टर बिघडला, तर अख्खा माल फेकून दिला. खुदा कसम."

"मग हे खराब कसं झालं?"

"तेच मला कळत नाही ताई."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते फ्रिजमधल्या खोक्यांकडे बघत राहिले. याच फ्रिजमधून किती घरांत औषध गेलं असेल, हा हिशेब ते मनात करत असावेत, असं उज्वलाला वाटलं. तिला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

फोन वाजला. दवाखान्यात थांबलेला तिचा नवरा, महेश.

"अजून शुद्ध नाही. दुकानदार काय म्हणतो?"

"माझा फ्रिज चांगला आहे म्हणतो."

"म्हणणारच. सोडू नकोस त्याला. आणि डॉक्टरांनी घरच्यांना जवळच थांबायला सांगितलंय. तू लवकर ये."

तिने फोन ठेवला. खाजाभाईंनी सगळं ऐकलं होतं.

"ते खोकं द्या बघू."

त्यांनी खोकं उलटं केलं. तळाशी पेनाने काहीतरी खरडलेलं होतं. उज्वलाने ते सकाळीच पाहिलं होतं, पण ते उर्दूत होतं. रोजच्या गिऱ्हाइकांचं इन्सुलिन खाजाभाई आधीच बाजूला काढून ठेवत आणि अदलाबदल नको म्हणून ज्याचं त्याचं नाव टाकत.

खाजाभाईंनी चष्मा वर केला, खोकं डोळ्यांजवळ नेलं.

"हे मावशींचं नाही. वाल्मीकअण्णांचं आहे."

"अण्णांचं?"

"दोघांचं औषध एकच होतं ना. मावशींना मी या महिन्यात काही दिलेलंच नाही. मला वाटलं, अंबडलाच घेत असतील."

उज्वलाला आई आठवली. कपाटातली एकेक वस्तू काढून 'वाया कशाला घालवायची' म्हणणारी. आत्या निघाली तेव्हा आईने तिच्या हातात एक पिशवी दिली होती.

खाजाभाई स्टुलावर बसले. किती तरी वेळाने त्यांनी पूर्ण श्वास घेतला.

"या खोक्याचं मला चांगलं आठवतं. अण्णांना चालवत नव्हतं, म्हणून बर्फाच्या पिशवीतून मीच घरी आणून दिलं. माझ्या हाताने तुमच्या फ्रिजमध्ये ठेवलं." त्यांनी खोकं तिच्या हातात परत दिलं. "ताई, नंतर तुमच्याकडे बराच वेळ लाइट गेली होती का?"

उज्वलाने नकारार्थी मान हलवली.

लाइट गेली नव्हती. अण्णांना कळवणला न्यायचं होतं, घर महिनाभर बंद राहणार होतं, म्हणून निघताना मेन स्विच तिनेच खाली ओढला होता.