सभागृहाची अनुमती

मंत्र्यांनी नेहमीचंच म्हटलं. "बाईंच्या भावनेशी सरकार सहमत आहे. ही दुरुस्ती आम्हीच आणू. त्यांनी विधेयक मागे घ्यावं."

घरच्या आजारी माणसाची सेवा करायला रजा घेतली, तर नोकरी जाऊ नये. कायद्यात एवढीच दुरुस्ती. बाईंनी ती अकरा वर्षांत याआधी सात वेळा मांडली आणि सातही वेळा मागे घेतली. मतदानात पडली तर विषयच संपला, ही धास्ती. त्यापेक्षा पुढच्या वर्षी पुन्हा मांडू. पण आता पुढचं वर्ष नव्हतं. उद्या सभागृहाची मुदत संपत होती आणि बाई पुन्हा निवडणूक लढवणार नव्हत्या.

वर सज्जात त्यांची ताई काठी घेऊन उठली. आईचं अंथरुणातलं सगळं तिनं केलं, त्यात तिची नोकरी गेली, आणि धाकटी मात्र शिकून इथवर आली. मागे घेतल्याचं वाक्य ताईला ऐकवत नसे. त्याआधीच ती बाहेर पडे.

"विधेयक मागे घेण्यास सभागृहाने अनुमती द्यावी," बाई म्हणाल्या. तोंडाला सवयच लागली होती, दुसरं काय!

"अनुमती आहे?" अध्यक्षांनी कागद उलटत विचारलं. यावर कधी कोणी बोलत नाही.

"नाही."

समोरच्या बाकावरचे वकीलसाहेब! बाईंशी त्यांचा उभा दावा. अकरा वर्षांत दोघांचं एकदा पटलं असेल तर शपथ.

अध्यक्षांनी चष्मा काढला. एकाचीही हरकत असली की विधेयक मागे घेता येत नाही, त्यावर मतदानच घ्यावं लागतं. विधेयकाच्या बाजूने पहिला हात वकीलसाहेबांचा वर गेला. मग त्यांच्या मागची सगळी रांग. मग मंत्र्यांच्या मागचे काही, खाली बघत. मोजणी दोनदा झाली. विधेयक चार मतांनी मंजूर झालं.

बाईंनी वकीलसाहेबांना दारात गाठलं. "तुमचे उपकार..."

"उपकार कसले! महिनाभर बायको पडून आहे. सून नोकरी सोडायला निघाली, तर तिला तुमचंच भाषण ऐकवलं. पाठच झालंय मेलं." आणि ते तरातरा निघून गेले.

जिन्याखाली ताई उभी होती. बाईंचे भरलेले डोळे पाहून तिनं त्यांचा हात धरला.

"असू दे गं. तू मांडत राहिलीस, मला तेवढं पुरे. घेतलंस ना मागे?"

"या वेळी घेऊ दिलं नाही गं, ताई."