गल्लीतून बोट

बोट भलीथोरली, आणि ती डोंगरापलीकडच्या तलावावर न्यायची होती, रस्त्याने. हमरस्त्यावरचा पूल बुटका निघाला, म्हणून शहरातूनच वाट काढणं भाग होतं. वाहतूक कंपनीच्या मॅनेजरने नकाशावर बोट ठेवलं. "बाजारातून काढू."

"तिथं तारा लोंबतात," ट्रेलर चालवणारे तात्या म्हणाले. "आमच्या गल्लीतून काढू."

"अहो, तिथं दोन गाड्या समोरासमोर आल्या की भांडणं होतात! वीतभर जागा उरेल."

"वीतभर पुरे. कुठं घासली तर मिशा उतरवीन."

तात्यांनी स्वतः काठी घेऊन गल्लीची रुंदी मोजली. मग उंचीही मोजली. तारा नसलेल्या गल्लीत उंची कशाला, हे मॅनेजरला काही कळेना.

ठरल्या दिवशी मॅनेजर जीव मुठीत धरून ट्रेलरपुढे चालत होता. गल्लीच्या मधोमध तात्यांनी ब्रेक दाबला आणि मॅनेजर धावत मागे आला.

"घासली का हो?"

"छे!" तात्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघून हाक मारली, "अगं, चल!"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तात्यांची बायको ठेवणीतले कपडे घालून, हातात डबा धरून तयारच होती. ती स्टुलावर चढली, कठडा ओलांडला आणि थेट बोटीच्या डेकवर उतरली.

"बोटीतून फिरवीन म्हणून लग्नाआधी कबूल केलं होतंत," ती वरून म्हणाली. "तीस वर्षं लावलीत!"

"काय करणार," तात्यांनी गिअर टाकला, "ट्रॅफिक होतं."